उगमाकडचा तालुका

अहिल्यानगर जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी ऊस आठवतो. मग साखर कारखाने, शिर्डी, शनिशिंगणापूर आणि चार पावसांत एकदा हमखास येणारा दुष्काळ. जिल्ह्यातल्याच पारनेर-कर्जतच्या माणसाला विचारा. अकोल्याबद्दल तो एवढंच सांगेल की तिकडे पाऊस फार आणि रस्ते वाकडे. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याच्या, क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या जिल्ह्याच्या, वायव्य कोपऱ्यात दीड हजार चौरस किलोमीटरचा अकोले तालुका सह्याद्रीला पाठ टेकून बसला आहे. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, याच्याच हद्दीवर आहे. तरी जिल्ह्याच्या कारभारात हा कोपरा कायम टोकाचा. घाटघरच्या माणसाला कलेक्टर कचेरीत जायचं तर दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो, आणि इगतपुरीचं रेल्वे स्टेशन त्याच्या मानाने अगदी हाताशी. १८६९मध्ये नाशिक जिल्हा वेगळा झाला तेव्हा अकोले नगरकडेच राहिलं. जिल्ह्याच्या विभाजनाची चर्चा निघाली की हा प्रश्न अजूनही कुणीतरी उकरून काढतो.

हे पुस्तक त्या कोपऱ्याबद्दल आहे. अकोल्यावर आजवर लिहिलं गेलं नाही असं नाही. पण ते बहुतेक दोन टोकांचं आहे. एकीकडे गॅझेटिअरच्या वळणाची कोरडी माहिती, दुसरीकडे ट्रेकर मंडळींची भारावलेली वर्णनं. पहिल्यात माणसं खानेसुमारीपुरती येतात. दुसऱ्यात ती चहा करून देतात, वाट दाखवतात आणि पान उलटताच नाहीशी होतात. ‘नगरची चेरापुंजी’ हे घाटघरचं बिरुद दरवर्षी जुलैत वर्तमानपत्रांतून छापून येतं. त्या चेरापुंजीत मार्च-एप्रिलमध्ये बायांना पाण्यासाठी किती चालावं लागतं, ते मात्र फारसं छापून येत नाही. मला या दोन्हींच्या मधली जागा हवी होती.

आधी जमिनीची ठेवण. घाटमाथ्यापासून तीन डोंगररांगा पूर्वेकडे उतरत जातात : उत्तरेला कळसूबाईची, मधे बाळेश्वराची, दक्षिणेला हरिश्चंद्रगडाची. त्यांच्या बेचक्यांतून नद्या वाहतात. प्रवरा रतनगडावर उगम पावते. मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावून कोतूळकडे उतरते. उत्तरेकडून आढळा येऊन संगमनेरच्या बाजूला प्रवरेला मिळते. मुळा मात्र प्रवरेला भेटायला थेट नेवाशाच्या बाजूपर्यंत जाते, आणि मग दोघी मिळून प्रवरासंगमला गोदावरीत शिरतात. पश्चिमेला कडा तुटतो तो सरळ कोकणात. सांदण दरीत, कोकणकड्यावर किंवा घाटघरच्या टोकाला उभं राहिलं की लाव्हाचे थर एकावर एक कसे बसले ते उघड्या डोळ्यांनी मोजता येतं.

सगळं अर्थकारण या ठेवणीतून निघतं. कड्यालगत घाटघर-रतनवाडीला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून पूर्वेला, नदीच्या काठाकाठाने अकोले गावापर्यंत यावं, तर तो जवळपास दशांशावर येतो. एकाच तालुक्यात एकीकडे भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखल आणि दुसरीकडे बाजरीला पावसाची वाट, असा प्रकार एकाच आठवड्यात दिसतो. पश्चिमेच्या पट्ट्याला डांगाण म्हणतात. राजूर ही त्याची बाजारपेठ. इथे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती दाट आहे. तालुक्याच्या लोकसंख्येत आदिवासी जवळजवळ निम्मे. पूर्वेला अकोले, देवठाण, कळस या बाजूला बागायत, ऊस, कांदा, टोमॅटो. अगस्ती सहकारी साखर कारखाना याच बाजूला उभा राहिला. ‘अकोले म्हणजे मागास डोंगरी तालुका’ हे वाक्य अर्धवट आहे ते यासाठी. तालुक्याच्या आतही एक वरचा आणि एक खालचा तालुका आहे, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही.

इतिहासाचा भाग लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. प्रवरेचं महत्त्व अभ्यासकांना खालच्या अंगाने कळलं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१मध्ये उत्खनन झालं आणि ताम्रपाषाणयुगातल्या एका संपूर्ण संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. त्याच नदीवर पुढे दायमाबादला १९७४मध्ये ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा सापडले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी गावं वसली ती सुपीक काळ्या मातीच्या काठावर. वरच्या दऱ्या तेव्हा रानातच असणार. पौराणिक परंपरेने मात्र वरचाही हक्क राखला आहे. अगस्ती ऋषींचा आश्रम अकोल्यात प्रवरेच्या काठी दाखवतात आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते.

मराठीच्या दृष्टीने पाहिलं तर हे खोरं दोन्ही टोकांना जागं आहे. प्रवरेच्या खालच्या टोकाला, नेवाशात, १२९०मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. जेमतेम बावीस वर्षांनी, १३१२मध्ये, मुळेच्या उगमाकडे हरिश्चंद्रगडावर चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ रचलं. गडावरचं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, पाण्यात उभं असलेलं केदारेश्वराचं लिंग आणि आजूबाजूची लेणी पाहिली की इतक्या आडरानात साधकांची एवढी वर्दळ का होती, असा प्रश्न पडतो. माझं उत्तर साधं आहे : तेव्हा हे आडरान नव्हतं. कोकणातल्या बंदरांकडून देशावर चढणाऱ्या घाटवाटा इथूनच वर येत. रतनगड, अलंग, कुलंग, पाबरगड, भैरवगड, कुंजरगड या किल्ल्यांची एवढी दाटी उगाच झाली नाही. जकात आणि राखण यासाठी ते किल्ले होते. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर किंवा आढळेकाठचं टाहाकारीचं मंदिर पाहा. असं कोरीवकाम करवून घेणारा पैसा नुसत्या नागलीवर उभा राहत नाही. जालन्याच्या मोहिमेनंतर १६७९मध्ये शिवाजी महाराज पट्टा किल्ल्यावर विसावले आणि त्याचं विश्रामगड झालं, ही गोष्ट तालुक्यातलं पोरही सांगतं.

घाटवाटांची राखण महादेव कोळ्यांच्या नाईकांकडे वंशपरंपरेनं होती. त्याबद्दल त्यांना हक्क आणि वतनं मिळत. १८१८मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला ना त्या राखणदारीची गरज उरली, ना किल्ल्यांची. अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, शिबंदी मोडली, नाईकांचे हक्क छाटले. सारा रोखीत भरायचा, आणि रोख रक्कम फक्त सावकाराकडे. देवगावच्या रामजी भांगरे यांनी आधी बंड केलं, मग त्यांचा मुलगा राघोजीने. १८४४च्या सुमाराला राघोजीचा जोर इतका होता की सावकार गावं सोडून पळत. सावकारांची नाकं कापल्याच्या नोंदी सरकारी कागदांत आहेत, आणि त्या वाचताना इंग्रज अंमलदारांना नाकांपेक्षा महसुलाची काळजी जास्त होती हेही दिसतं. २ जानेवारी १८४८ला राघोजी पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. पुढे १८७५मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, सरकार हललं, १८७९मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत कर्जबाजारी शेतकऱ्याचा उठाव सुरू होतो तो १८७५पासून. डांगाणात तो तीस वर्षं आधी होऊन गेला होता. तो आदिवासींचा ‘उपद्रव’ म्हणून वेगळ्या कप्प्यात गेला.

पुस्तकाचा सर्वांत लांब भाग पाण्यावर आहे, आणि तो लांबला याबद्दल मला खंत नाही. एकोणिसाव्या शतकातच संगमनेरखाली ओझरला बंधारा घालून प्रवरेचे कालवे काढले होते. उन्हाळ्यात नदी आटली की कालवेही आटत. त्यासाठी वर साठा हवा होता. म्हणून रतनगडाच्या पायथ्याच्या दरीचं तोंड शेंडी गावाजवळ दगडी भिंतीने बंद करायचं ठरलं. १९१०मध्ये काम सुरू झालं आणि १९२६मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्‌घाटन झालं. भिंत सुमारे ८२ मीटर उंच. देशातल्या त्या काळच्या उंच धरणांत तिची गणना होई. साठा ११ टीएमसी. सोळा वर्षं डोंगरातला दगड घडवून ही भिंत रचली गेली. धरणाला विल्सनचं नाव मिळालं, तलावाला अभियंता आर्थर हिलचं. ज्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांची नावं कुठल्याच पाटीवर आली नाहीत. आता जलाशयाला राघोजी भांगरे यांचं नाव दिलं आहे. पर्यटक मात्र सगळ्यालाच भंडारदरा म्हणतात, शेंडीलासुद्धा.

हे पाणी गेलं कुठे? संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा. १९२०च्या दशकात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना कालव्याच्या आधारावर उभा राहिला. १९५०मध्ये लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं. महाराष्ट्रातल्या सहकाराची, आणि पुढे राजकारणाची, सगळी घडी तिथून बसली. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या भागभांडवलावर कारखाना चालवावा ही लहान गोष्ट नव्हती. पण त्या यशकथेच्या हिशोबात जमेच्या बाजूला श्रम, जिद्द, नेतृत्व, भांडवल हे सगळं येतं आणि पाणी येत नाही. ते जणू आभाळातून थेट ओझरच्या बंधाऱ्यात पडलं.

धरणाच्या काठच्या गावांना त्या पाण्याला हात लावायला वर्षानुवर्षं परवानगी नव्हती. ही तक्रार तालुक्यात पिढ्यांपासून आहे आणि तिच्यावर इथल्या बऱ्याच राजकीय कारकिर्दी उभ्या राहिल्या. निळवंड्याचं प्रकरण त्यातूनच वाढलं. प्रवरेवरच्या या दुसऱ्या धरणाला १९७०मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा जागा म्हाळादेवीची होती. जागा बदलली, खर्च आठ कोटींच्या आसपास होता तो पाच हजार कोटींच्या वर गेला. ८.३२ टीएमसीचं धरण उभं राहिलं तरी कालवे होईनात. ३१ मे २०२३ला डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सोडलं गेलं तेव्हा लाभक्षेत्रातल्या १८२ गावांपैकी कित्येकांत पाण्याची वाट पाहणारी एक आख्खी पिढी उलटून गेली होती. कालव्याच्या काठी लोकांनी पाण्याची पूजा केली. अकोल्याच्या वाट्याला उच्चस्तरीय कालवे आले, म्हणजे आपल्याच दारातलं पाणी डोंगराच्या कडेकडेने वरच्या पातळीवरून मिळवायचं.

आता खालचे तालुकेही ‘वरचे’ झाले आहेत. २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं. १५ ऑक्टोबरला मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात ६५ टक्के साठा नसेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. तसं वर्ष आलं की प्रवराकाठचे पुढारी एका सुरात उगमाकडच्यांच्या हक्काची भाषा बोलू लागतात. ती भाषा अकोल्याने शंभर वर्षं बोलून पाहिली आहे. मराठवाड्याची तहान खरी आहे, श्रीरामपूरच्या उभ्या उसाची गरजही खरी आहे. पण या दोघांच्या भांडणात अकोल्यातल्या उदडावणे-पांजरे इथल्या हंड्याचा प्रश्न विषयपत्रिकेवरही नसतो.

आणखी एक पाणी आहे, विजेचं. भंडारदऱ्याच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचं वीजघर आहे, खाली कोदणीला ३४ मेगावॉटचं. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८पासून चालू आहे आणि त्याची रीत गमतीची आहे. रात्री विजेची मागणी कमी असते तेव्हा कोकणातल्या खालच्या तळ्यातलं पाणी पंपांनी कडा चढवून वर घाटघरला आणायचं. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. म्हणजे पाणी संपत नाही, नुसतं वरखाली करतं. सौर आणि पवन ऊर्जा वाढल्यामुळे अशा प्रकल्पांना आता मोठी मागणी आहे, आणि सह्याद्रीच्या कड्यावर आणखी प्रस्ताव येत आहेत.

शेतीच्या प्रकरणात मी राब भाजण्यावर बरीच पानं घातली आहेत. शहरातल्या वाचकाला ती कदाचित कंटाळवाणी वाटतील, पण डांगाणातलं शहाणपण आणि भांडण दोन्ही तिथे एका वाफ्यात सापडतात. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी जागा निवडतात. तिच्यावर शेणाचा थर, त्यावर ऐनाची वगैरे तोडून वाळवलेली टहाळं, मग गवत-पालापाचोळा आणि सगळ्यावर बारीक माती. पेटवतात ती वाऱ्याच्या उलट अंगाने, म्हणजे आग भडकत नाही, हळूहळू धुमसत पुढे सरकते आणि जमीन नीट भाजते. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. पहिल्या पावसाबरोबर तिथे भात फेकतात. पुढे चिखलणी करून आवणी. आता टहाळ तोडायचं कुठून? रानातून. आणि रान कुणाचं? १९८६मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. अभयारण्यामुळे शेकरू वाचलं, देवराया आणि कड्यांवरचं सदाहरित रान टिकलं, हे मान्य करायलाच हवं. त्याच वेळी कोयता घेऊन रानात गेलेला माणूस गुन्हेगार ठरू लागला. २००६च्या वनहक्क कायद्याने त्याला हक्क कागदावर दिला. कागद हातात पडायला अजून किती खेटे घालावे लागतात ते राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाबाहेर कुठल्याही दिवशी उभं राहून पाहावं.

खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत पाळीपाळीने नागली, वरई, खुरासणी आणि मग जमीन पड टाकायची, हा जुना फेरा. काळभात, जिरवेल, कोळपी, रायभोग अशा भाताच्या कितीतरी जाती इथे होत्या. संकरित बियाणं आलं तशा त्या मागे पडल्या. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात जपलेल्या बियाण्यांची बँक झाली, बायफ संस्थेची साथ मिळाली आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गौरव योग्यच. फक्त आपण त्यांना ‘बीजमाता’ म्हणून मखरात बसवलं की मोकळे होतो. त्यांचं मूळ म्हणणं, की गावठी वाण खाल्लं गेलं तरच टिकेल, ते बाजाराच्या गळी उतरवणं अवघड आहे. काळभाताला पुण्यात भाव मिळतो, पण घाटघरच्या शेतकऱ्याकडे विकायला उरतो किती?

जनावरांचं तेच. डांगी गाय-बैल हे या पावसाचंच अपत्य. काळे-पांढरे ठिपके, टणक काळी खुरं, आणि कातडीला सुटणारा तेलकट ओलावा, ज्यामुळे धो धो पावसात भिजूनही जनावर आजारी पडत नाही. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन दरवर्षी भरतं. तिथे बैल निवडणारा माणूस दात पाहतो, खूर उचलून पाहतो आणि पाठीवरून तळवा फिरवून तो नाकाशी नेतो. पण डांगी गाय दूध फार देत नाही. खालच्या पट्ट्यात दूधधंदा वाढला तो संकरित गाईंवर. राजूरच्या पेढ्याचं नाव मात्र अजून दूरवर आहे.

आणि ज्यांच्याकडे ना कालवा ना दूध, ते उतरतात. भात झोडून झाला की कोतूळ-राजूर भागातली जोडपी नारायणगाव, ओतूर, आळेफाट्याकडे टोमॅटो, द्राक्ष, कांद्याच्या कामाला जातात. जुन्नरची बागायत अकोल्याच्या हातांवर उभी आहे हे जुन्नरचे बागायतदारही नाकारणार नाहीत. पूर्व भागात बायांनी वर्षानुवर्षं विड्या वळून घरं चालवली. अलीकडे पर्यटनाचा पैसा आला. मेच्या अखेरीपासून मृगापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाच्या झाडांवर काजवे एका लयीत उजळतात आणि शनिवार-रविवारी मोटारींच्या दिव्यांनी दिपून जातात. तंबू आणि घरगुती जेवणावर काही पोरांची बरी कमाई होते. ती हंगामी आहे आणि रस्त्यालगतच्या गावांपुरती आहे, एवढंच.

२६ एप्रिल २०२३ला किसान सभेचा मोर्चा अकोल्याहून निघाला, लोणीकडे. तत्कालीन महसूलमंत्र्यांच्या गावी. वनजमिनी नावावर करा, दुधाला भाव द्या, अशा मागण्या. मोर्चाची वाट नकाशावर आखली तर ती प्रवरेच्या काठाकाठाने जाते. भंडारदऱ्याचं पाणी ज्या दिशेने शंभर वर्षं गेलं त्याच दिशेने माणसं निघाली होती. लोणीपर्यंत जावं लागलं नाही. संगमनेर तालुक्यातल्या धांदरफळला मंत्र्यांनी येऊन चर्चा केली, आश्वासनं दिली आणि मोर्चा थांबला. त्या आश्वासनांचं पुढे काय झालं हे शेवटच्या प्रकरणात मागणीवार दिलं आहे.

मुळेच्या खोऱ्याला या पुस्तकात प्रवरेच्या निम्मी पानंही मिळालेली नाहीत. अंबित, पाचनई, कोतूळची माणसं त्यावरून रागावतील आणि त्यांचं बरोबर असेल. कागदपत्रं धरणामागे जातात, आणि मुळेवरचं मोठं धरण खाली राहुरी तालुक्यात आहे.

वाचकांसाठी दोन सूचना. सोबतच्या नकाशात पश्चिम वरच्या बाजूला घेतली आहे, कारण या तालुक्यात ‘वर’ म्हणजे कडा आणि ‘खाली’ म्हणजे संगमनेर. गावात वाट विचारलीत तर उत्तरही तसंच मिळेल. दुसरं, पाण्याची मापं सगळीकडे टीएमसीत ठेवली आहेत. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. दशलक्ष घनमीटरमध्ये आकडे देणं शास्त्रशुद्ध झालं असतं, पण इथली भांडणं टीएमसीतच होतात.